नुसतं बसायची जागा

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी फराळाचे डबे भरत होते आणि ती ओट्याशी उभी राहून मोबाइलवर फोटो बघत होती. "मावशी, सांग बघू हे काय आहे?" म्हणून तिनं फोन माझ्यापुढे धरला. फोटोत एक हिरवागार उतार होता. त्यावर मुलंमुली पसरलेली, कुणी वाचतंय, कुणी खातंय, दोघीजणी चक्क उताण्या पडून आकाशाकडे बघताहेत. मधूनच शंकूसारखं एक मोठं टोक वर आलेलं. मी म्हटलं, "बाग आहे कुठलीतरी." ती हसली. "बाग नाही गं मावशी, ग्रंथालयाचं छप्पर आहे! आणि बांधणारी बाई आहे."

त्या 'बांधणारी बाई आहे' या शब्दांनी माझे हात थांबले. आपल्याकडे 'वास्तू' म्हटलं की पहिलं काय आठवतं? स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, दार कुठल्या दिशेला आहे! घरात चोवीस तास वावरणार आपण, पण घराचा नकाशा काढताना आपल्याला कुणी विचारत नाही. मग गावाच्या इमारतींचं तर सोडूनच द्या. म्हणून या बाईंबद्दल मिळेल ते वाचत गेले. वाचताना कौतुक वाटलं, आणि पुढे एके ठिकाणी चांगलीच अस्वस्थ झाले. ते दोन्ही आज तुमच्यापुढे मांडते.

बाईंचं नाव फ्रॅन्सीन हाउबेन. जन्म १९५५ चा, हॉलंडच्या दक्षिण टोकाला सिटार्ड नावाच्या गावी. शिक्षण डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात. विद्यार्थी असतानाच तिनं आणि तिच्या सोबत्यांनी रॉटरडॅम शहरातल्या तरुणांसाठीच्या घरांची एक स्पर्धा जिंकली आणि त्यातूनच १९८४ साली 'मेकानो' ही संस्था जन्माला आली. आपल्या मुलांच्या खेळण्यातला तो नट-बोल्टचा मेकॅनो आठवतो ना? नावात तोही आहे. संस्थापक पाच, त्यात ही एकटी बाई. पुढे एकेक करून बाकीचे आपापल्या वाटेने गेले आणि संस्थापकांपैकी ही एकटी राहिली. आज डेल्फ्टच्या एका जुन्या कालव्याकाठच्या घरातून तिचं काम चालतं आणि इमारती उभ्या राहतात इंग्लंडमध्ये, अमेरिकेत, तैवानमध्ये.

सुरुवातीची तिची कामं मात्र मोठ्या डौलाची नव्हती. साधी, परवडणारी भाड्याची घरं. मला वाटतं, पुढच्या सगळ्याचा पाया तिथे आहे. ज्या घरात खर्चाला मर्यादा असते तिथे जिना कुठे, ऊन कुठून येणार, मूल खेळताना आईला खिडकीतून दिसेल का, याच गोष्टींचा विचार करावा लागतो. संगमरवर लावून चुका झाकता येत नाहीत.

आता ते गवताचं छप्पर. डेल्फ्टच्या विद्यापीठाचं हे ग्रंथालय १९९७ साली पुरं झालं. जागा होती विद्यापीठाच्या जुन्या सभागृहाच्या पाठीमागे. ते सभागृह काँक्रीटचं, भलंमोठं, बसलेल्या बेडकासारखं दिसणारं. त्याच्याजवळ दुसरी मोठी इमारत उभी केली असती तर दोघींची कुस्तीच! हाउबेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी काय केलं, तर जमिनीवरचं गवत गालिच्याची कड उचलावी तसं एका बाजूने उचललं आणि ग्रंथालय त्याच्या खाली सरकवलं. म्हणजे इमारतीनं जागा खाल्ली, पण गवत मुलांचं मुलांना परत मिळालं. वर आलेल्या त्या शंकूतून उजेड खाली उतरतो आणि शंकूच्या आत गोलाकार बसून मुलं अभ्यास करतात. मला यातली खुबी वेगळीच वाटली. या छपरावर जायला पुस्तक घ्यावं लागत नाही, कुणाला काही सांगावं लागत नाही. चालत चालत वर जायचं आणि बसायचं.

या 'बसण्या'चं मोल बायकांना जास्त कळेल. पुरुष चौकात उभा राहतो, पानटपरीवर अर्धा तास काढतो, पुलाच्या कठड्यावर बसतो. बाई बसली तर? कुणाची वाट बघतेस, बरं नाही का वाटत, घरी काही झालंय का! आपल्याला घराबाहेर बसायला कारण लागतं. देवळात बसायचं तर हातात माळ हवी, बागेत बसायचं तर बरोबर मूल हवं.

हाउबेन बाईंच्या विचारांचं सार त्यांच्या एका पुस्तकाच्या नावातच आहे, माणसं, जागा आणि हेतू. क्रम महत्त्वाचा. आधी तिथे येणारी माणसं कोण, मग ती जागा कशी, तिथलं हवापाणी, इतिहास काय, आणि मग इमारत कशासाठी. इमारतीचा आकार त्यानंतर. वास्तुकला ही नुसती डोळ्यांची किंवा बुद्धीची करामत नाही, ती सगळ्या इंद्रियांना जाणवली पाहिजे, असं त्या मानतात. पाय कुठल्या फरशीवर पडतो, कठड्याला हात लावल्यावर कसा वाटतो, आवाज घुमतो का. आपण घर सारवणाऱ्या आज्यांच्या नाती, आपल्याला हे नवीन नाही. पण मोठ्या वास्तुविशारदाच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.

याचं एक सुंदर उदाहरण तैवानमध्ये आहे. काऊशुंग हे तिथलं मोठं बंदराचं शहर, हवा आपल्या कोकणासारखी दमट आणि गरम. तिथे लष्कराच्या जुन्या प्रशिक्षण तळाच्या जागी नाटक-संगीताचं प्रचंड केंद्र बांधायचं होतं. बाई जागा बघायला गेल्या तेव्हा त्यांना दिसले तिथले वड. एकमेकांत फांद्या गुंतलेले, पारंब्या सोडलेले. त्या झाडांच्या सावलीत माणसं बसत होती, व्यायाम करत होती. झालं, त्यांनी इमारतच वडासारखी केली! २०१८ साली हे केंद्र उघडलं. चार मोठी सभागृहं म्हणजे जणू चार खोडं, आणि वर सगळ्यांना जोडणारं एकच वळणदार छप्पर, २२५ मीटर लांब. सभागृहात तिकीट काढून जायचं, पण छपराखालची सावली सगळ्यांची. तिथे कुणाही शिवाय, कधीही जाता येतं. सकाळी म्हातारी माणसं संथ कवायत करतात, संध्याकाळी पोरं नाचाचा सराव करतात. वडाचा पार म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावायला नको. फक्त आपल्या पारावर बायका वर्षातून एकदाच दिसतात, तेही दोरा घेऊन!

आता मला अस्वस्थ करणारी गोष्ट. बर्मिंगहॅम. इंग्लंडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, कारखान्यांचं, कामगारांचं, आपल्याकडून आणि पाकिस्तान-बांगलादेशातून गेलेल्या लोकांचं. तिथल्या महापालिकेने नवं मध्यवर्ती ग्रंथालय बांधायला काढलं आणि काम मिळालं मेकानोला. खर्च १८ कोटी ८८ लाख पौंड. इमारत दहा मजल्यांची, बाहेरून सगळीकडे धातूच्या वर्तुळांची जाळी, एकात एक अडकवलेल्या बांगड्यांसारखी. या शहरात दागिने घडवणाऱ्यांची मोठी जुनी वस्ती आहे, त्याची ती आठवण. काही टीकाकारांनी या जाळीला नावं ठेवली, नुसतं वेष्टन आहे म्हणाले. मला फोटोत तरी ती गोड वाटली. वर दोन गच्च्यांवर बागा. अगदी माथ्यावर सोनेरी गोल खोलीत शेक्सपिअरच्या नावाचं १८८२ सालचं लाकडी वाचनदालन जसंच्या तसं नेऊन बसवलं. समोरच्या चौकात जमीन गोल खोदून खाली एक उघडं रंगमंचासारखं अंगण केलं. त्याच पातळीवर मुलांचं ग्रंथालय. म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्यालाही वरून डोकावलं की आतली चहलपहल दिसावी. ग्रंथालय हा लोकांचा महाल आहे, हे बाईंचे आवडते शब्द. पूर्वीच्या काळी युरोपात चर्चला जे स्थान होतं ते आज ग्रंथालयाला आहे, असं त्या म्हणतात.

३ सप्टेंबर २०१३ रोजी या ग्रंथालयाचं उद्घाटन झालं, ते मलाला युसूफझाईच्या हस्ते. शाळेत जाते म्हणून स्वात खोऱ्यात तिला गोळी घातली, तिचा जीव वाचला तो याच बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात. तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची होती. फडताळात शेवटचं पुस्तक तिनंच ठेवलं. वाचताना अंगावर काटा आला. २०१४ या एका वर्षात २४ लाखांहून जास्त लोक तिथे येऊन गेले. त्याच वर्षी हाउबेन यांना इंग्लंडमध्ये 'वर्षातील महिला वास्तुविशारद' हा सन्मान मिळाला.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी महापालिकेने सांगितलं की पैसे नाहीत!

ग्रंथालय आठवड्याला ७३ तास उघडं असायचं, ते २०१५ मध्ये ४० तासांवर आणलं. १८८ कर्मचाऱ्यांपैकी सुमारे शंभर जणांच्या नोकऱ्या जातील असं जाहीर झालं. आपल्याकडे कसं, लग्न दणक्यात करायचं, पाच पक्वान्नं उठवायची आणि दुसऱ्या महिन्यात किराणा उधारीवर, तसंच हे. इमारत बांधणं हा एकदाचा खर्च. ती रोज उघडायची, झाडायची, दिवे लावायचे, माणसं नेमायची, हा रोजचा खर्च. आणि रोजचा खर्च कुणाच्या फोटोत येत नाही. कोनशिलेवर नाव कोरतात ते बांधणाऱ्याचं. झाडणारीचं नाव कोनशिलेवर कधी पाहिलंय?

झाडणारीचा विषय निघाला म्हणून पुढचं सांगते, कारण खरी गोष्ट इथेच आहे.

५ सप्टेंबर २०२३ रोजी बर्मिंगहॅमच्या महापालिकेने अधिकृतपणे कळवलं की आता खर्चाची तोंडमिळवणी होत नाही. सोप्या भाषेत दिवाळं. त्यामागे सरकारी अनुदानात वर्षानुवर्षं झालेली कपात होती, संगणकप्रणालीचा एक फसलेला महागडा प्रकल्प होता. पण बातम्यांत सगळ्यात वर आलं ते तिसरंच कारण, महिला कर्मचाऱ्यांची थकबाकी. झालं होतं असं की महापालिकेत कचरा उचलणाऱ्या, रस्ते साफ करणाऱ्या पुरुषांना पगारावर बोनस मिळायचा. त्याच दर्जाचं काम करणाऱ्या सफाई करणाऱ्या, शाळेत जेवण रांधणाऱ्या, मुलांना नि आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या बायकांना तो मिळत नव्हता. बायका कोर्टात गेल्या. २०१० साली न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने नोकरी सोडून गेलेल्या १७४ जणांनाही दाद मागायचा हक्क दिला. त्यातही बहुतेक बायकाच. त्यानंतर महापालिकेने सुमारे एक अब्ज दहा कोटी पौंड या देण्यापोटी भरले, तरी २०२३ मध्ये आणखी ७६ कोटींपर्यंत देणं असू शकेल असं सांगितलं गेलं. तो आकडा किती खरा यावर पुढे वाद झाले आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये कामगार संघटनांशी तडजोडीची चौकट ठरली.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. २०१२ ला बायका कोर्टात जिंकल्या. २०१३ ला लोकांचा महाल उघडला, मलालाच्या हातून. म्हणजे एका हाताने आपण मुलीच्या शिक्षणाची पताका उंच धरतोय, आणि दुसऱ्या हाताने फरशी पुसणाऱ्या बाईचा हिशेब दाबून ठेवतोय! दिवाळं निघाल्यावर खर्चकपातीची जी यादी झाली तिच्यात वस्तीवस्तीतल्या छोट्या ग्रंथालयांवरही कात्री आली. ती ग्रंथालयं वापरणारं कोण? मुलं घेऊन येणाऱ्या आया, म्हातारी माणसं, इंग्रजी शिकू बघणाऱ्या परदेशातून आलेल्या बायका. म्हणजे एका बाईचा हक्काचा पैसा द्यायचा म्हणून दुसऱ्या बाईची बसायची जागा काढून घ्यायची. आणि वर लोक म्हणायला मोकळे, बायकांनी शहर बुडवलं! हे वाक्य मला कुठेही ऐकू आलं तर मी भांडणार आहे. उधारी थकवणारा दुकान बुडवतो, उधारी मागणारा नाही.

यात हाउबेन बाईंचा काय दोष, असं तुम्ही विचाराल. भाचीनेही विचारलं. नकाशा काढणाऱ्याच्या हातात पालिकेचं अंदाजपत्रक नसतं, हे खरंच. आणि बांधून दिलेली इमारत लोकांना आवडली होती, हे २४ लाख पावलांनी सांगितलंच. तरी मला वाटतं, एवढा मोठा एकच महाल बांधण्यापेक्षा तो थोडा लहान करून बाकीच्या वस्त्यांची डागडुजी केली असती तर? मोठ्या इमारतीला एक खोड असते, ती आजूबाजूच्या लहानांचं खाणं खाते. हे त्या बाईंना सांगण्याइतकी मी मोठी नाही, पण घर चालवणारी आहे, एवढं कळतं.

त्यानंतरची त्यांची कामं बघितली की एक गोष्ट मात्र जाणवते. नवं बांधण्यापेक्षा जुन्यातून काढण्याकडे ओढा दिसतो. वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांच्या नावाचं शहराचं मुख्य ग्रंथालय आहे. मीस व्हॅन डर रोहे या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाने आखलेलं, त्याच्या मृत्यूनंतर १९७२ साली उघडलेलं. काळं पोलाद, काळसर काचा. नावाजलेलं, पण हळूहळू कळाहीन झालेलं. जिने विटांच्या भिंतींआड, अंधारे. अंधाऱ्या बंद जिन्यात बाई पाय ठेवताना काय विचार करते ते मी लिहायला नको. हाउबेन आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी बाहेरचं रूप तसंच ठेवलं आणि आतल्या त्या भिंती काढून रुंद, वळणदार, उजेडातले जिने केले. मुलांसाठी घसरगुंडी केली, हो, ग्रंथालयात घसरगुंडी! वर गच्चीवर बाग केली. २१ कोटी १० लाख डॉलर खर्चून २०२० च्या सप्टेंबरमध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत ते पुन्हा उघडलं. वॉशिंग्टनच्या ग्रंथालयांत बेघर माणसं दिवसभर येऊन बसतात. त्यांना हुसकावण्याऐवजी तिथल्या ग्रंथालय व्यवस्थेने २०१४ सालीच एक पूर्णवेळ समाजसेविका नेमली होती. मी स्वतः या क्षेत्रात धडपडते, म्हणून ही नेमणूक मला त्या सुंदर जिन्यापेक्षाही मोठी वाटली. जिना एकदा बांधून होतो, समाजसेविकेला दर महिन्याला पगार द्यावा लागतो.

न्यूयॉर्कचं उदाहरणही असंच. तिथे मॅनहॅटनमध्ये एकेकाळच्या कापडचोपडाच्या भल्यामोठ्या दुकानात ग्रंथालय होतं. २०२१ साली ते नवं होऊन उघडलं, त्यातही मेकानोचा हात. वर गच्ची, आणि गच्चीवर जायला तिकीट नाही. ज्या भागात चहाचा पेला घेतल्याशिवाय खुर्ची मिळत नाही तिथे ही चैन! मोठ्या माणसांना लिहायवाचायला शिकवण्याचे वर्गही त्याच इमारतीत.

आपल्याकडे महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, त्याप्रमाणे अनुदान मिळतं. त्यामुळे लहान गावातसुद्धा एखादं वाचनालय असतंच, ही आपली मोठीच मिळकत. पण तिथे बाई बसलेली किती वेळा दिसते? आमच्या गावातल्या वाचनालयाच्या सभासद बायका पुष्कळ आहेत, पुस्तकं वाचतातही हपापून. फक्त बदलून आणायला मुलाला किंवा नवऱ्याला पाठवतात. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती सगळी सेवानिवृत्त मंडळी, आणि स्वच्छतागृहाला कायम कुलूप. भाचीला दाखवायला घेऊन गेले तर तिनं वर्तमानपत्रांकडे बघितलंच नाही. जिना मोजला, खिडक्या मोजल्या, आणि म्हणाली, "मावशी, मागच्या बाजूला केवढा मोठा व्हरांडा आहे, त्यात जुनी कपाटं का ठेवलीत?"

मागच्या महिन्यात आम्ही पंधराजणींनी कार्यकारिणीला अर्ज दिला. कपाटं हलवा, व्हरांड्यात चार बाकं टाका, कुलूप काढा, दुपारी तीन ते सहा दार उघडं ठेवा, आणि झाडणाऱ्या बाईंचे ते वाढीव तीन तास पगारात धरा. चिटणीसांनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा वर करून म्हणाले, "ताई, बाकीचं ठीक आहे, पण व्हरांड्यात तुम्ही करणार काय? भजनी मंडळ, शिवणवर्ग, काहीतरी कारण लिहावं लागेल."

मी पेन घेतलं आणि त्या रिकाम्या ओळीवर लिहिलं, 'बसणार'. अर्ज आता पुढच्या सभेत येणार आहे.